गुडघे नकोत, प्लॉट दाखवा!

आपल्याकडे कुठल्याही सरकारी टेबलासमोर हमखास चालणारी तीन कारणं आहेत. आईची तब्येत, मुलांची परीक्षा आणि घरातलं कार्य. समोरचा साहेब कितीही खडूस असो, यातलं एखादं कारण चेहरा पाडून नीट सांगितलं की तो निदान 'बसा' तरी म्हणतो. आज मी तुम्हाला अशा एका खोलीबद्दल सांगणार आहे, जिथे या तिन्ही कारणांना शून्य मार्क मिळतात. तिथली माणसं दुष्ट नाहीत. उलट ती सगळं ऐकून घेतात, माना हलवतात. आणि मग शांतपणे विचारतात, 'ते सगळं ठीक. पण तुमच्या प्लॉटला काय झालंय?'

ही खोली अमेरिकेत आहे, न्यू जर्सीत. तिथे बसणाऱ्या मंडळींना म्हणतात झोनिंग बोर्ड ऑफ अ‍ॅडजस्टमेंट. नाव वाचूनच जांभई आली ना? थांबा जरा. ज्या दिवशी तुम्ही ईएमआयच्या कागदांवर सह्या करून घराची किल्ली घेता, त्या दिवसापासून तुमच्या खिडकीतला उजेड, पार्किंगची जागा आणि शेजाऱ्याशी असलेलं बोलणं हे सगळं एकाच प्रश्नावर टांगलेलं असतं. शेजारच्यानं नियमातून सूट मागितली, तर ती द्यायची की नाही, हे ठरवणार कोण? आणि ते ठरवताना तुम्हाला कुणी विचारणार का?

नियम सरळ, जमीन वाकडी

आधी थोडा इतिहास. १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग नावाची एक अवाढव्य इमारत उभी राहिली. फुटपाथच्या कडेपासून थेट आभाळात. तिची सावली आजूबाजूच्या इमारतींवर पडायला लागली आणि शहरात ओरड सुरू झाली. लगेच पुढच्या वर्षी, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कनं अख्ख्या शहरासाठी झोनिंगचा कायदा केला. इथे घरं, इथे दुकानं, इथे कारखाने, अमुक उंची, तमुक मोकळी जागा. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात अमेरिकन सुप्रीम कोर्टानं असे नियम घटनेत बसतात, असं सांगून टाकलं आणि मग गावोगाव झोनिंगचा धडाका सुरू झाला.

पण एक घोळ पहिल्यापासून सगळ्यांना माहीत होता. नियम सरळ रेषेत लिहिलेले असतात आणि जमीन वाकडी असते. एखादा प्लॉट त्रिकोणी, एखादा बोळासारखा अरुंद, एखाद्याच्या मधोमध खडक. तिथे नियम जसाच्या तसा लावला तर मालकाच्या हातात प्रॉपर्टी टॅक्सची पावती सोडून काहीच उरणार नाही. म्हणून कायद्यातच एक छोटी खिडकी ठेवली गेली. तिचं नाव व्हेरिअन्स. म्हणजे एका विशिष्ट जागेपुरती नियमातून सूट. आणि त्या खिडकीपाशी बसवलं ते या बोर्डाला.

सात जण आणि दोनशे फूट

न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत. आपल्या एखाद्या वॉर्डाएवढ्या लोकसंख्येच्याही. बहुतेकांचं स्वतःचं झोनिंग बोर्ड आहे. अगदी छोट्या गावात तेच काम प्लॅनिंग बोर्ड उरकतं. बोर्डावर सात जण, सगळे त्याच गावचे रहिवासी. निवडून आलेला नगरसेवक चालत नाही, पालिकेचा नोकर चालत नाही. मुदत चार वर्षांची आणि बहुतेक ठिकाणी पगार शून्य. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी इन्शुरन्सवाला, कुणी प्लंबिंगचा धंदा करणारा. ज्या अर्जात स्वतःचा हितसंबंध आहे, त्या अर्जाच्या वेळी सभासदानं बाजूला व्हायचं.

अर्ज करणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे शेजाऱ्यांना कळवणं. तुमच्या प्लॉटपासून दोनशे फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे, अशा प्रत्येकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस. हातोहात नाहीतर सर्टिफाइड पोस्टानं. शिवाय जाहीर नोटीस. शेजाऱ्यांची यादी पालिका देते आणि तिची फीसुद्धा कायद्यात लिहिलेली आहे. नावामागे पंचवीस सेंट किंवा एकूण दहा डॉलर, जे जास्त असेल ते. एखादा शेजारी राहून गेला तर सुनावणीच होत नाही. थोडक्यात, 'गुपचूप करून टाकू' हा पर्याय पहिल्या पायरीवरच बाद.

मग बोर्ड काय बघतं? सूट दोन जातींची. जागेचा वापर तोच ठेवून फक्त अंतर, उंची, रुंदी यात थोडी ढिलाई हवी असेल तर ती 'सी' जातीची. घराच्या वस्तीत दुकान किंवा मोटेल काढायचं असेल तर ती 'डी' जातीची. तिला सातपैकी पाच मतं लागतात आणि पुरावाही तगडा. साउथ प्लेनफील्ड हे नाव न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना चांगलं ओळखीचं. तिथल्या एका मोटेलच्या प्रकरणात १९८७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं बजावलं की असा वेगळा वापर हवा असेल, तर तो गावाच्या नियमांशी कसा जुळतो हे अर्जदारानं नुसतं सांगायचं नाही, सिद्ध करून दाखवायचं.

'सी'मध्ये मुख्य शब्द आहे हार्डशिप. अडचण. आणि ती कशामुळे असावी हे कायदा मोजून सांगतो. प्लॉटचा अरुंदपणा, उथळपणा, वेडावाकडा आकार, जमिनीचा चढउतार, किंवा त्या जागेवर आधीपासून कायदेशीर उभं असलेलं बांधकाम. यादी इथेच संपते. यात माणूस कुठेच नाही.

'माझ्या आई-बाबांसाठी...'

हे सगळं मी वाचलेलं होतं. पण बघायला मिळालं ते एका ओळखीच्या जोडप्यामुळे. तो पुण्याचा, ती नाशिकची. दोघंही आयटीत. मध्य न्यू जर्सीत कॉर्नरच्या प्लॉटवर घर. तिकडच्या नेहमीच्या पद्धतीनं बेडरूम सगळ्या वर, आणि खाली फक्त 'हाफ बाथ', म्हणजे कमोड आणि बेसिन, आंघोळीची सोय नाही. त्याचे आई-बाबा दरवर्षी काही महिने राहायला येतात. काकूंचे गुडघे गेलेले. काका एकदा जिन्यावरून तीन पायऱ्या घसरलेले. म्हणून खालच्या मजल्यावर एक बेडरूम आणि बाथरूम वाढवायचं ठरलं. यात गैर काय? कुणालाही पटेल असा बेत.

फक्त एक अडचण. कॉर्नरच्या प्लॉटला दोन्ही रस्त्यांकडून पुढच्या अंगणाएवढी मोकळी जागा सोडावी लागते. त्यांच्या भागात ती तीस फूट. नवी खोली आली की आडव्या रस्त्याच्या बाजूला उरणार अठरा.

संध्याकाळी साडेसातला पालिकेच्या हॉलमध्ये सुनावणी. सात सभासद, बोर्डाचा वकील, एक सेक्रेटरी, आणि अख्खी कार्यवाही रेकॉर्ड करणारं यंत्र. काका-काकू इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या रांगेत. आपल्या मित्रानं शपथ घेतली (हो, इथे जबानी शपथेवर असते) आणि मनापासून सुरुवात केली. आईचे गुडघे, बाबांचं पडणं, आपल्या संस्कृतीत आई-वडील मुलाकडेच राहतात वगैरे. दोन मिनिटं सगळ्यांनी ऐकलं. मग चेअरमनबाई हसून म्हणाल्या, 'तुमचे आई-वडील नशीबवान आहेत.' आणि बोर्डाच्या वकिलाकडे बघितलं. वकील म्हणाला, 'याची नोंद घेऊ. पण कायद्यानं बोर्डाला यावर निकाल देता येणार नाही. जागेबद्दल बोला.'

काकूंनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, 'अगं, म्हणजे आमचे गुडघे खोटे आहेत का?'

खरं सांगते, त्या क्षणी मलाही राग आला.

मग आर्किटेक्ट उठला आणि सगळा सूर पालटला. त्यानं प्लॉटचा नकाशा लावला. घराच्या मागच्या अंगणाखालून टाउनशिपचा पावसाळी पाण्याचा मोठा पाइप जातो. त्यावर बांधकामाला बंदी. दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची हद्द आठ फुटांवर. पुढे मुख्य रस्ता. म्हणजे खालच्या मजल्यावर कुणालाही, कधीही, एक खोली वाढवायची म्हटली तर ती आडव्या रस्त्याच्याच बाजूला होऊ शकते. बाकीच्या गल्लीत असा प्लॉट एकही नाही. घर आधीच त्या बाजूला सत्तावीस फुटांवर उभं आहे, कारण ते हा नियम येण्याच्या आधीचं आहे. सभासदांच्या पेनांची टोपणं निघाली. आता ते लिहून घेत होते.

प्रश्नांची फैर सुरू झाली. गॅरेजचीच खोली का नाही करत? कारण मग गाडी रस्त्यावर येईल आणि पार्किंगच्या नियमातून वेगळी सूट मागावी लागेल. बाथरूम एवढं मोठं कशाला? कारण व्हीलचेअर वळली पाहिजे. नव्या भागात दुसरं किचन आहे का? हा प्रश्न तीन वेळा, तीन वेगवेगळ्या सभासदांनी विचारला. दुसरं किचन आलं की कायद्याच्या नजरेत ते दोन कुटुंबांचं घर होतं, आणि मग प्रकरण थेट 'डी' जातीत जातं. आपला मित्र कळवळून म्हणाला, 'नाही हो, माझी आई माझ्याच किचनवर राज्य करते.' हॉलमध्ये पहिल्यांदा हशा पिकला.

समोरचे आजोबा

यानंतर चेअरमनबाईंनी विचारलं, 'नागरिकांपैकी कुणाला बोलायचंय?' आडव्या रस्त्यापलीकडे राहणारे एक गोरे आजोबा उठले. हातात सह्यांचा कागद. गल्लीतल्या दहा-बारा घरांनी विरोध केला होता म्हणे. माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे सह्यांची मोहीम म्हणजे ब्रह्मास्त्र! पण वकिलानं तो कागद घेतलाच नाही. 'कागदाची उलटतपासणी घेता येत नाही. ज्यांना म्हणणं मांडायचंय त्यांनी इथे येऊन, शपथ घेऊन बोलावं.' हॉलमध्ये डोकी मोजून निकाल लावायचा नसतो, हे त्या एका वाक्यात मला कळलं.

मग आजोबा स्वतःचं बोलले. ते रोज सकाळी गाडी बाहेर काढतात. कॉर्नरवरून वळणारी गाडी त्यांना आत्ता घराच्या पलीकडून दिसते. भिंत पुढे आली तर दिसणार नाही. त्या गल्लीत शाळेची बस थांबते. त्यांनी हातानं काढलेलं चित्रही आणलं होतं. एका सभासदानं त्यांना विचारलं की आई-वडील इथे किती महिने राहतात यावर तुमचा काही आक्षेप आहे का? वकिलानं लगेच थांबवलं. कोण राहतं, किती महिने राहतं, हा बोर्डाचा विषय नाही.

इथे माझा मघाचा राग थोडा उतरला. गुडघ्यांचं कारण चालत नाही, हे खरं. पण त्याच नियमानं 'हे परदेशी लोक, यांच्याकडे सतत पाहुणे' हे कारणही चालत नाही. माणूस बाजूला ठेवायचा म्हणजे दोन्हीकडून ठेवायचा. दयामाया नको, तसा आकसही नको.

आजोबांचा मुद्दा मात्र जागेचा होता, म्हणून तो घेतला गेला. पंधरा मिनिटांचा ब्रेक झाला. मित्र आणि आर्किटेक्ट कॉरिडॉरमध्ये डोकं लावून बसले आणि परत येऊन त्यांनी तिथल्या तिथे अर्ज बदलला. खोली दोन फुटांनी आखूड. रस्त्याकडचा कोपरा तिरका कापलेला. कुंपणाची झाडं गुडघ्याएवढीच ठेवायची (गुडघे शेवटी असे कामाला आले!). छपराचं पाणी रस्त्यावर न सोडता अंगणातल्या शोषखड्ड्यात. आणि दुसरं किचन कधीही करणार नाही, हे घराच्या खरेदीखताला जोडून नोंदवायचं.

मतदान तिथेच, नाव पुकारून. प्रत्येकानं कारण सांगितलं. पाच विरुद्ध दोन. विरोधात गेलेल्या एका बाई म्हणाल्या, 'तीसच्या जागी वीस म्हणजे एक तृतीयांश सूट. मला ती जास्त वाटते.' भांडण नाही, आदळआपट नाही. आजोबा बाहेर पडताना काकांशी हात मिळवून गेले. ते हरले होते, पण कापलेला कोपरा त्यांचा होता.

माणसं बदलतात, भिंत राहते

घरी परतताना गाडीत चर्चा एकच. गुडघे का नाही चालले? उत्तर कायद्यातच आहे आणि मला तरी ते पटलं. व्हेरिअन्स माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळतो. उद्या मित्रानं घर विकलं तरी सूट त्या प्लॉटबरोबर राहते. गुडघ्यांचं ऑपरेशन होईल, मुलगा टेक्सासला बदली घेईल, काका-काकू कोथरूडला परत जातील. रस्त्याच्या वीस फुटांवरची भिंत मात्र पन्नास वर्षं तिथेच असेल आणि तिचा ताप त्या आजोबांच्या नातवाला होईल. तात्पुरत्या कारणासाठी कायमची सूट कशी द्यायची?

न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं हे वारंवार सांगितलंय. वैयक्तिक अडचण कितीही खरी असो, इथे तिचा संबंध नाही. गंमत म्हणजे उलटही खरं आहे. नॉर्थ काल्डवेल नावाच्या गावात एका कुटुंबाला अरुंद प्लॉटवर नियमापेक्षा मोठा स्विमिंग पूल हवा होता. स्विमिंग पूल! म्हणजे निव्वळ चैन. पण प्लॉट गल्लीतल्या इतरांपेक्षा खरोखरच अरुंद होता. १९९९ मध्ये कोर्टानं बोर्डाची मंजुरी कायम ठेवली. चैन चालली, कारण जमीन अडलेली होती.

पण नुसती जमीन अडली म्हणजे काम झालं, असंही नाही. त्या सुटीनं आजूबाजूच्यांचं मोठं नुकसान होता कामा नये आणि गावाच्या नियमांचा मूळ हेतूही मोडता कामा नये. या दोन गोष्टी दर वेळी दाखवाव्या लागतात. 'सी'मध्ये आणखी एक दार आहे. जागेची अडचण नाही, पण तुमच्या बदलानं गावाचाच फायदा होतोय, तर सूट मिळू शकते. मात्र १९८८ च्या एका निकालात कोर्टानं अट घातली की फायदा वस्तीचा हवा, फक्त मालकाचा नको. लहानशा प्लॉटवर घर बांधायचं असेल तर बोर्ड आणखी एक मजेशीर गोष्ट विचारतं. शेजाऱ्याला पत्र लिहिलंत का, की तुमची थोडी जागा मला विका, नाहीतर माझी तुम्ही घ्या? म्हणजे सूट मागण्याआधी नियमात बसायचा प्रयत्न केलात का?

'बांधून झालंय हो!'

त्याच संध्याकाळी दुसरं प्रकरण होतं. एका गृहस्थांनी मागच्या अंगणात लाकडी डेक आधीच बांधून टाकला होता. हद्दीपासून पुरेसं अंतर न सोडता. 'काँट्रॅक्टर म्हणाला, परवानगी लागत नाही. आता तोडायचा म्हटलं तर हजारो डॉलर जातील. नातवंडं खेळतात तिथे.' सगळं खरं. पण प्लॉट चांगला चौकोनी, सपाट, गल्लीतल्या इतरांसारखाच. सूट नाकारली, सहा विरुद्ध एक. चेअरमनबाईंनी शांतपणे सांगितलं, 'जी अडचण तुम्ही स्वतः बांधलीत, ती जमिनीच्या नावावर टाकता येत नाही.'

मी मुंबई-पुण्याच्या हवेत वाढलेली. बांधून झालेलं कुणी तोडायला लावतं, हे ऐकूनच मला कसंतरी झालं.

सगळंच गुडी गुडी नाही

आता हे वाचून 'अमेरिका म्हणजे काय ग्रेट' असं म्हणायला जाल, तर जरा दमानं. एक तर हे काम खर्चाचं. अर्जाची फी, आर्किटेक्ट, बोर्डाच्या तज्ज्ञांसाठी आगाऊ भरायची रक्कम, कंपनी असेल तर वकील सक्तीचा. ज्याच्याकडे पैसे आहेत तोच सूट मागू शकतो आणि ज्याच्याकडे संध्याकाळी रिकामा वेळ आहे तोच विरोध करू शकतो. दोन नोकऱ्या करणारी भाडेकरू बाई त्या हॉलमध्ये दिसत नाही. नोटीसही घरमालकाला जाते, भाडेकरूला नाही.

दुसरं म्हणजे, जमिनीच्या भाषेत माणसाबद्दलचा आकस लपवता येतो. बर्नार्ड्‌स टाउनशिपमध्ये तिथल्या मुस्लिम संस्थेनं मशिदीसाठी अर्ज केला. प्रकरण झोनिंग बोर्डासमोर नव्हतं, त्याचंच भावंड असलेल्या प्लॅनिंग बोर्डासमोर होतं. ३९ सुनावण्या झाल्या. चर्चा पार्किंगची, पाण्याच्या निचऱ्याची, कुंपणाची. डिसेंबर २०१५ मध्ये अर्ज फेटाळला. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं आणि चर्चसाठी पार्किंगचा एक हिशोब, मशिदीसाठी वेगळा, हे कोर्टानं ३१ डिसेंबर २०१६ च्या निकालात भेदभावाचं ठरवलं. २०१७ मध्ये टाउनशिपनं साडेबत्तीस लाख डॉलर मोजून तडजोड केली आणि मशिदीला मंजुरी द्यावी लागली.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. हे पकडता आलं, कारण सगळं उघड्यावर बोललं गेलं होतं. शब्द न् शब्द रेकॉर्डवर, निर्णयाची कारणं लेखी. बोर्डाला आपला ठराव कारणांसकट लेखी काढावा लागतो आणि तो जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांत कुणीही बाधित शेजारी कोर्टात जाऊ शकतो. बोर्ड दिरंगाई करत बसलं तर? अर्ज पूर्ण झाल्यापासून १२० दिवसांत निर्णय नाही आला, तर अर्ज मंजूर समजतात. फाइल उशाखाली घेऊन झोपायची सोय नाही!

आणि आपल्याकडे?

तुम्हाला वाटेल, हार्डशिप हा शब्द फक्त तिकडचा. चूक. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हाच शब्द होता. स्पष्ट दाखवता येण्यासारखी अडचण असेल, तर महापालिका आयुक्त कारणं लेखी नोंदवून ठरावीक मापांमध्ये सूट देऊ शकत. आरोग्य, आग आणि इमारतीची सुरक्षितता सांभाळून. एफएसआय मात्र त्यातून वगळलेला, जिथे नियमावलीतच मुभा आहे तेवढी सोडून. कागदावर हे न्यू जर्सीच्या सख्ख्या भावासारखं दिसतं. फरक एवढाच की त्या कलमात शेजारी नाही. दोनशे फूट नाहीत, नोटीस नाही, हॉल नाही, आजोबांचं हातानं काढलेलं चित्र नाही. फाइल टेबलावरून टेबलावर जाते आणि मोकळ्या जागेतली तूट अनेकदा प्रीमियम भरून मिटते. तुमच्या खिडकीसमोर भिंत आली की तुम्हाला कळतं, सूट मिळाली होती.

आणि ज्यांनी विचारलंच नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी आपल्याकडे कट-ऑफ डेट असते. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. तेव्हा तारीख होती १ जानेवारी २००१. मग २०२१ मध्ये ती सरकवून ३१ डिसेंबर २०२० केली. गुंठेवारीतल्या माणसाची बाजू मी समजू शकते. त्याला कायदेशीर घर परवडेल असं शहर आपण उभारलंच नाही. पण यातून सगळ्यांना एकच धडा मिळतो. आधी बांधा, तारीख येईलच.

कधी कधी ती येत नाही. वरळीच्या कॅम्पा कोलाच्या इमारती आठवा. परवानगी पाच मजल्यांची, आणि एक इमारत गेली वीस मजल्यांपर्यंत. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं वरचे मजले बेकायदेशीर ठरवले आणि जून २०१४ मध्ये त्या घरांची वीज, पाणी, गॅस तोडला. तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे, रडणाऱ्या बायकांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. गुडघ्यांचं कारण तिथेही होतं, आणि खरं होतं. पण ते ऐकायला तीस वर्षं उशीर झाला होता. ऐकायची वेळ पहिली वीट रचण्याआधीची होती, आणि त्या वेळी हॉल भरवलाच गेला नव्हता.

म्हणून मला ती खोली महत्त्वाची वाटते. ती दयाळू आहे म्हणून नाही, वेळेवर आहे म्हणून. तिथे प्रश्न बांधकामाच्या आधी विचारला जातो, ज्याच्या अंगणावर सावली पडणार त्याच्यासमोर विचारला जातो, आणि उत्तर कारणासकट मिळतं.

आपल्या महापालिका असे हॉल कधी उघडतील, माहीत नाही. पण तोवर एक छोटं बोर्ड आपल्या प्रत्येकाकडे आहे. सोसायटीची जनरल बॉडी. समोशासाठी जाऊन सह्या करून परत येतो ती. पुढच्या वेळी कुणी गच्चीवर शेड टाकायचं म्हटलं, कॉमन पॅसेजमध्ये बुटांचं कपाट बसवायचं म्हटलं किंवा बाल्कनी घरात घ्यायची म्हटलं, तर तीनच प्रश्न विचारून बघा. अडचण जागेची आहे की तुमची? त्रास कुणाला होणार आहे, आणि तो माणूस इथे बसलाय का? आणि हे आधी विचारताय, की नंतर सांगताय?

तिसऱ्या प्रश्नाला हॉलमध्ये जी शांतता पसरेल ना, ती नीट ऐका. आपल्या शहराचा अर्धा विकास आराखडा त्या शांततेत आहे.